गोटी सोडा

मी एक जुनी गोटी आहे. गोटी म्हटल्याबरोबर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे खिशात खुळखुळणारी, अंगणातल्या खड्ड्याकडे धावणारी एखादी रंगीत उनाडटप्पू आली असेल. ती मी नव्हे. मी बाटलीतली गोटी. सोड्याची ती जाड, हिरवट बाटली तुम्ही पाहिली असेल, जिच्या गळ्यात काचेची गोटी अडकलेली असते. अंगठ्याने दाबली की ‘टॉक’ असा आवाज होतो आणि फेस उसळतो. तो ‘टॉक’ म्हणजे मी.

माझ्या अंगावर तीन टवके आहेत. आम्हा गोट्यांमध्ये शपथ घेतात ती अशी: खोटं बोलले तर टवका उडो. पहिले दोन टवके मला मान्य आहेत. तिसऱ्याबद्दल अजून वाद आहे.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. बाटली नवी होती तेव्हा तिचं तोंड चांगलं ऐसपैस होतं. कारागिराने मला आत सोडलं, मला वाटलं पाहुणी म्हणून बोलावलंय. मग त्याने बाटलीचं तोंड पुन्हा तापवलं आणि चिमट्याने आवळून अरुंद केलं. म्हणजे बघा, आधी कैदी आत गेला आणि दार नंतर बसवलं, तेही असं की कैद्याचं डोकंसुद्धा त्यातून बाहेर येऊ नये. वर तोंडात बसवलेलं रबराचं वायसर, म्हणजे वॉशर, खाली बाटलीची आवळलेली कंबर, आणि मधे तीन बोटांची जागा. एवढं माझं जग. तिथून मी सगळं पाहू शकत होते, पण हिरवं आणि वाकडं. मला बरीच वर्षं वाटायचं की माणसं हिरवीच असतात.

आमची दोन डझन बाटल्यांची पेटी रायपूरला आली ती अनंतरावांकडे. अनंतराव भंडाऱ्याकडचे. सोड्याचं लोखंडी मशीन पाठीवर घेऊन ते तिकडून चालत रायपूरला आले होते. बरं, मशीन मालगाडीने आलं होतं. पण पाठीवर म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. (पहिला टवका.) गोल बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत एका कोपऱ्यावर त्यांनी आपली गाडी लावली, आणि पहिल्याच सकाळी असा आवाज दिला की समोरच्या दुकानातली परात वाजली.

“गोटी सोडाऽऽ! थंडाऽऽ गोटी सोडाऽऽ!”

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं असेल! बाजार सगळा हिंदी बोलणारा, कुणी छत्तीसगढी. पण आमचे अनंतराव घरात मराठी बोलायचे आणि मला तेवढीच भाषा चांगली कळायची. सोडा म्हणजे मोकळं करा, जाऊ द्या. हा देवमाणूस भर बाजारात उभा राहून, घसा फोडून, माझ्या सुटकेसाठी विनवण्या करत होता! आणि लोकही किती चांगले! एकामागून एक यायचे आणि म्हणायचे, “भैया, एक गोटी सोडा.” मग कुणीतरी अंगठ्याने मला खाली ढकलायचं. मी तीन बोटं खाली पडायचे, कमरेत अडकायचे. सोडा पिऊन झाला की माणूस ढेकर द्यायचा आणि निघून जायचा. मी मनात म्हणायचे, बिचाऱ्याने प्रयत्न तर केला. उद्या दुसरा कुणी करेल.

अशी आशा धरून मी कितीतरी वर्षं काढली.

कामात मात्र मी कसूर केली नाही. अनंतराव मशीनच्या लोखंडी पाळण्यात बाटल्या बसवायचे, हँडल मारायचे, बाटल्या उलट्यासुलट्या व्हायच्या, आणि गॅस भरला की मी आपोआप वायसरला जाऊन चिकटायचे. कितीतरी गोट्या गळक्या असतात. त्यांच्या कडेने गॅस हळूहळू निघून जातो आणि पिणाऱ्याला नुसतं खारट पाणी मिळतं. मी एकदाही गळले नाही. अनंतराव आलेल्या-गेलेल्याला माझी बाटली दाखवायचे आणि म्हणायचे, “हे पाहा. ही गोटी गळत नाही. आठ दिवसानं उघडा, नाही तर आठ महिन्यानं.” एकदा माझा ‘टॉक’ इतका खणखणीत निघाला की कापडाच्या दुकानावर बसलेला कावळा दचकून उडाला तो थेट बिलासपूरला जाऊन बसला आणि लाजेने अजून परत आला नाही. (दुसरा टवका.)

अनंतरावांना दोन लेकरं. मोठी विजया, धाकटा यज्ञेश्वर. विजया तेव्हा नऊ वर्षांची. शाळा सुटली की ती गाडीपाशी यायची आणि माझी बाटली उचलून काचेला डोळा लावायची. अगदी पापण्या काचेला घासतील इतका जवळ. तो डोळा मला आभाळाएवढा दिसायचा.

“आत काहून बसली गं तू?” ती विचारायची. मग बापाकडे वळून, “बाबा, इले बाहेर काढा ना.”

“ते निघत नाही, विजे. बाटली फोडावं लागते.”

“मग फोडा.”

“फोडून पाह्य बरं! अन् डोळा काढ तिथून आधी. भरलेली बाटली हाये ते. फुटली तर डोळा घेऊन जाते.”

ती डोळा काढायची. पण बाप गिऱ्हाइकात गुंतला की पुन्हा लावायची आणि काचेशी पुटपुटायची, “मी मोठी झाली की तुले काढीन. पक्कं.” तिचा श्वास काचेवर धुक्यासारखा जमायचा.

दोन माणसं माझ्या बाजूची होती तर. एक रोज ओरडून माझी सुटका मागणारा, आणि एक कानात वचन देणारी.

विजया मोठी झाली. भौतिकशास्त्र शिकली, मुलींच्या शाळेत शिकवायला लागली, आणि वचन विसरली. अनंतराव थकले, गेले. गाडी यज्ञेश्वरने सांभाळली आणि ती बीरगांवला नेली. तिथे कारखान्यांची पाळी सुटली की भट्टीवर भाजून निघालेले कामगार तहानेने गाडीवर अक्षरशः तुटून पडायचे. यज्ञेश्वरचा आवाजही बापासारखाच. “गोटी सोडाऽऽ!” मी म्हणायचे, घराण्याचा वसा पोराने राखला.

आणि मग एके दुपारी शेजारी दुसरी गाडी आली. प्लॅस्टिकच्या बाटल्या, बर्फाची पेटी, आणि एक बारीक आवाजाचा माणूस ओरडायला लागला, “नींबू सोडा! जीरा सोडा! ले लो भैया, नींबू सोडा!”

मी विचारात पडले. लिंबाला कुणी अडकवलं? बरं, लिंबू सोडा म्हटलं तर एक वेळ समजू. पण जिऱ्याला? एवढ्याशा जिऱ्याला कोंडून ठेवणारा हा कोण राक्षस? मी त्या गाडीवरची एकेक बाटली पाहिली. कुठे लिंबू अडकलेलं नव्हतं, जिरंही नव्हतं. नुसतं फसफसणारं पाणी होतं.

तेव्हा मला कळलं. सोडा म्हणजे ते पाणी.

मित्रांनो, त्या दिवशी मी खूप लहान झाले. इतकी वर्षं कुणी माझ्यासाठी विनवत नव्हतं. कुणी मला सोडवायला आलं नव्हतं. त्यांना तहान लागली होती, एवढंच.

प्लॅस्टिकपुढे आमचं फार दिवस चाललं नाही. यज्ञेश्वरचा मुलगा कमावता झाला, घर चौबे कॉलोनीत झालं आणि सामान ट्रकमधून तिकडे निघालं. दोन डझनांपैकी बाटली उरली होती ती एकच, माझी. मला मशीनच्या पाळण्यातच ठेवलं होतं. वाटेत ट्रकने असा गचका खाल्ला की बाटलीचं तोंड लोखंडी हँडलवर आपटलं. बाहेरून पाहिलं तर काही नाही. पण आतून, वायसरच्या आडोशाला, केसाएवढी एक रेघ उठली. तडा. जगात तो मला एकटीलाच ठाऊक होता.

आणि खरं सांगते, मला आनंद झाला. भिंतीला पडलेली भेग पाहून कैद्याला होतो तसा.

चौबे कॉलोनीतल्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, मला काचेच्या दाराच्या आलमारीत ठेवलं. एका बाजूला पितळी घंटा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं घड्याळ. काचेत मी, आणि काचेबाहेर पुन्हा काच. पाहुणे यायचे, बोट दाखवायचे, “अरे, ये तो वो कंचेवाली बोतल है!” म्हणायचे (कंचा म्हणजे हिंदीतली गोटी) आणि चहाकडे वळायचे. वीस वर्षं मी त्या तड्याकडे पाहत काढली. मनात हिशोब पक्का होता: एकदा, फक्त एकदा कुणीतरी गॅस भरू दे. मी असा रेटा देईन की बाटलीच्या ठिकऱ्या होतील. मग मी मोकळी.

पण भरणार कोण? मशीन जिन्याखाली गंजत पडलं होतं.

विजया सेवानिवृत्त होऊन भावाच्याच घरी राहायला आली. लग्न तिने केलं नव्हतं. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला तशी ती दुसऱ्या मजल्यावर अडकली. खाली चौतीस पायऱ्या. सात महिने ती खाली उतरली नव्हती. दिवसभर आलमारीशेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर लावून बसायची आणि पडद्यावर कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीकडून आलेल्या वेड्यावाकड्या रेघा पाहायची. यज्ञेश्वरची नात पिंकी, अकरा वर्षांची, तिच्या खुर्चीला लटकलेली असायची. या पिंकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती द्यायची हिंदीत.

“हा एक तारा हाये, पिंकी. लय दूरचा. अन् ही त्याच्या उजेडाची रेघ. इथं खड्डा पडला, दिसला?”

“हाँ आजी. किसने खाई लाइट?”

“ग्रहानं. आपल्या गुरूएवढा, नाही तर त्याहून मोठा. ताऱ्यापुढून गेला तं थोडा उजेड अडला. तेवढ्यावरून वळखावं लागते, ग्रह काही दिसत नाही.”

“उस पर कोई रहता है क्या?”

“कुठी राहीन? वायूचा गोळा तो. पाय ठेवाले जमीनच नाही. पण त्याच्याभवती चंद्र असतीन ना, त्यायच्यावर जमीन असू शकते. तारा लय जवळ नाही, लय दूर नाही, असं जमलं तं पाणी भी राहू शकते.”

“तो मिला कोई ऐसा चंदा?”

“नाही ना. एकही पक्का नाही सापडला अजून. सारे शोधून राहिले.”

“फिर आप क्या देख रहे हो?”

“बावळट पोट्टी. सापडलेलं काहून शोधू मी?”

आलमारीच्या काचेमागून मी कान देऊन ऐकायचे. विजया सांगायची, असा चंद्र आपल्या राक्षसी ग्रहाच्या ओढीत अडकलेला असतो. त्याचा एकच गाल कायम ग्रहाकडे. तिथे उभं राहिलं तर तो ग्रह डोक्यावर परातीहून मोठा टांगलेला दिसेल, आणि तो उगवायचा नाही की मावळायचा नाही. दर फेरीत तो राक्षस सूर्याला आड घेऊ शकतो, मग भर दुपारी काळोख. आणि ती ओढ त्या चंद्राला सारखी मळत असते, कणीक मळावी तशी. त्या मळण्याने तो आतून ऊबदार राहू शकतो.

मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, बाई माझीच जन्मपत्रिका वाचतेय. गोल, लहान, दुसऱ्याच्या कह्यात, सुटायला जागा नाही. ऊब मात्र मला कुणी दिली नव्हती.

या उन्हाळ्यात कॉलोनीतल्या मराठी मंडळींनी मुलांचं शिबिर भरवलं आणि विजयाला व्याख्यानाला बोलावलं. विषय तिने लिहून दिला: ‘सूर्यमालेबाहेरचे राक्षसी ग्रह आणि त्यांचे राहण्यायोग्य उपग्रह’. मोबाइलवर निरोप फिरवणाऱ्याने लिहिलं, ‘राहण्यायोग्य उपगृह’. गृहप्रवेशाच्या पत्रिकेवर ‘ग्रहप्रवेश’ छापणाऱ्या आमच्या शहरात हे व्हायचंच. खाली विजयाचा नंबर होता. दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थाचा फोन आला.

“बाई, ते उपगृह कितव्या मजल्यावर आहे?”

विजयाने चष्मा सारखा केला. तिला सगळं कळलं होतं, पण बापाचं रक्त होतं अंगात. “मजल्यायच्या लय वर आहे, भाऊ.”

“पाणी चोवीस तास असते का?”

“असण्याची शक्यता आहे. अजून कोणी पाह्यलं नाही.”

“अन् शेजार कसा आहे?”

“एकच शेजारी. लय मोठा. डोक्यावरून हलत नाही.”

पलीकडून फोन ठेवला गेला. पिंकी हसून हसून खुर्चीवरून पडली.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी विजया अडली. चंद्र दाखवायला चेंडू होता, तारा म्हणून दिवा होता. पण चंद्राला हवा धरून ठेवता आली पाहिजे, नाही तर पाणी उडून जाईल, हे मुलांना कशाने दाखवायचं? ती घरभर नजर फिरवत राहिली, आणि ती नजर आलमारीतल्या माझ्यावर येऊन थांबली.

“यज्ञू, मशीन चालते का रे?”

“ताई, वीस वर्सं झाले हँडल मारून.”

“माझ्या गुडघ्याइतकं तं जाम नसंल.”

माझ्या काळजात, म्हणजे जिथे काळजाच्या जागी एक बुडबुडा आहे तिथे, धडधड सुरू झाली. गॅस भरणार होते!

यज्ञेश्वरने मशीनला तेल पाजलं. गोल बाजारातल्या एका ओळखीच्या सोडावाल्याकडून गॅसची टाकी आणली. माझी बाटली धुतली, उजेडात धरून सगळीकडून पाहिली. पण तडा वायसरच्या आडोशाला, आणि यज्ञेश्वरच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याने खात्री म्हणून बाटलीवर बोटाने टिचकी मारली. “ठणठणीत आहे,” म्हणाला.

सकाळी विजया पायऱ्या उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून, मधे दोनदा बसून. पिंकी पुढे चालत मोजत होती, “तैंतीस… चौंतीस! आजी, हो गया!” सात महिन्यांनी विजयाचा पाय जमिनीला लागला. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, चपलेखालची माती चुरत.

सभागृहात चाळीसेक मुलं. यज्ञेश्वरने तिथे आणलेल्या मशीनचा पाळणा बंद केला आणि हँडल मारलं. एक, दोन, तीन… मी उलटीसुलटी झाले, गॅसने मला उचललं आणि मी वायसरला जाऊन बसले. गच्च. वीस वर्षांनी. आणि त्याच क्षणी माझ्या कानाशी तडा बोलला. किर्र. अगदी बारीक. केसाएवढी रेघ तांदळाच्या दाण्याइतकी पुढे सरकली.

विजयाने बाटली हातात घेतली.

“हे पाहा पोट्टेहो. आत कोंडलेली हवा हाये, अन् ते बाहेर पडाले धडपडून राहिली. तिले कोण अडवते?”

“कंचा!” मुलं ओरडली.

“हव. ही गोटी. सारे म्हणतात गोटी बाटलीत अडकली. पण नीट पाहाल तं गोटीनंच हवा धरून ठेवली हाये. ते गोटी वायसरनं, चंद्र आपल्या वजनानं. ज्या चंद्राले हवा धरता येते, त्याच्यावरच कोणी जगू शकते. चंद्र हलका असला तं सारी हवा उडून जाते.”

मित्रांनो, साठ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःला कैदी समजत होते. आणि मी तर दार होते.

एवढ्यात विजयाने काय करावं? मुलांशी बोलता बोलता बाटली वर उचलली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि काचेला डोळा लावला. अगदी पापण्या घासतील इतका जवळ. तोच डोळा, भोवती सुरकुत्या आल्या होत्या एवढंच. आणि ती हळूच पुटपुटली, कुणाला ऐकू जाऊ नये असं:

“अजून आत आहेस का गं तू?”

तडा आणखी एक दाणा सरकला.

मला फक्त जागेवर बसून राहायचं होतं. आणखी थोडा दम, आणि बाटलीच्या ठिकऱ्या. मी मोकळी. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढंच मागितलं होतं. पण त्या ठिकऱ्या कुठे जाणार होत्या ते मला समोर दिसत होतं. अनंतराव म्हणायचे, डोळा घेऊन जाते. आणि तो डोळा तर ताऱ्याच्या उजेडातला खड्डा ओळखणारा डोळा. तो गेला तर ही बाई त्या दुसऱ्या मजल्यावर काय पाहत बसेल?

ओरडायला गोटीला तोंड नसतं. माझ्याजवळ एकच उपाय होता, आणि तो मी जन्मात कधी केला नव्हता. मी जागेवर केसभर कलले.

आणि गळले.

सूंऽऽऽऽ.

लाज वाटली, मित्रांनो. अनंतरावांची कधी न गळणारी गोटी, आणि भर सभेत गळली. तो आवाज मुलांना ऐकू गेला नाही. विजयालाही नाही. पण यज्ञेश्वर सोडावाल्याचा मुलगा. डोळ्यात मोतीबिंदू असला तरी कान बापाचे होते.

“ताई! डोळा काढ! खाली ठेव ते बाटली, आधी ठेव!”

तो इतक्या जोरात ओरडला की विजयाने दचकून बाटली टेबलावर ठेवली आणि मागे झाली. यज्ञेश्वरने खांद्यावरचा गमछा पाण्यात बुडवला, बाटलीवर गुंडाळला, स्वतःचं तोंड फिरवलं आणि अंगठ्याने मला दाबलं. टॉक! फेस उसळला, टेबलभर झाला, मुलांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग.

यज्ञेश्वरने गमछा सोडला. वायसर काढून बोट आतून फिरवलं. तडा त्याच्या बोटाला लागला तसा त्याचा चेहरा उतरला. “पाह्य, ताई. इथपर्यंत आली होती रेघ. अजून एक मिनिट…” त्याने बोट गमछ्याला पुसलं. मग म्हणाला, “बाबा म्हणायचे, ही गोटी गळत नाही. बरं झालं गळली.”

विजयाने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ती रेघ पाहिली. “गळली नाही रे,” ती म्हणाली. “तिनं सांगितलं.”

यज्ञेश्वरने बाटली गमछ्यात पुन्हा गुंडाळायला घेतली, आलमारीत ठेवायला. तेवढ्यात पिंकी पुढे आली. तिने आजोबांचा सदरा ओढला.

“आजोबा, आता गोटी सोडा.”

“आता कुठचा सोडा, बेटा? तडकली ना बाटली. तुले पाहिजे तं बाजारातून आणतो, नींबूवाला.”

“तो सोडा नाही, आजोबा,” पिंकी म्हणाली. तिच्या तोंडून इतकं मराठी एका दमात मी कधी ऐकलं नव्हतं. “सोडा. गोटीले सोडा.”

साठ वर्षं मी जे ऐकत आले, ते पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं.

यज्ञेश्वरने बहिणीकडे पाहिलं. विजयाने मान हलवली. त्याने मुलांना मागच्या भिंतीपर्यंत पाठवलं, बाटली गमछ्यात चार पदर गुंडाळली, सभागृहाबाहेरच्या अंगणातल्या फरशीवर ठेवली आणि मशीनचं हँडल काढून ते एकदाच, मोजून, मारलं. आवाजही फारसा झाला नाही. मग त्याने पदर उलगडले, आणि काचेच्या ढिगातून विजयाने मला दोन बोटांत उचललं.

बाहेर काय आहे ते कसं सांगू? सगळीकडून वारा लागतो. आणि माणसं हिरवी नसतात. तिसरा टवका उडाला तो तेव्हाच. यज्ञेश्वर म्हणतो हँडल लागलं. मीही म्हणते, तो काही खोटं बोलल्याबद्दल नव्हे, पण इतर गोट्यांना ते पटत नाही. वाद तो हाच.

आता मी विजयाच्या टेबलावर असते. टेबल थोडं उताराचं आहे, म्हणून पिंकीने माझ्याखाली ते जुनं रबराचं वायसर ठेवलं. त्यात मी बसते. मी तिथे अडकलेली नाही, कुणी हात लावला की उठते. रविवारी विजया मला कमरेच्या पिशवीत टाकते आणि आम्ही चौतीस पायऱ्या उतरतो. परवा एकतीस मोजल्या, कारण पिंकीने घाईत तीन गाळल्या.

मित्रांनो, जुनी काच हातात घ्याल तेव्हा डोळा दूर ठेवा, आणि एखादी लहान गोष्ट बारीक आवाज करू लागली तर ती बिघडली असं लगेच म्हणू नका. काय सांगतेय ते आधी ऐका. माझ्याकडून एवढंच मागणं.

आणि एक गोष्ट राहिली. काल दुपारी पडद्यावरच्या रेघेत, मोठ्या खड्ड्याच्या शेजारी, एक अगदी इवलासा खड्डा दिसला. चंद्र असेल, ताऱ्यावरचा डाग असेल, नाही तर दुर्बिणीला लागलेली उचकी असेल. विजया म्हणाली, पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागेल, आणि ती फेरी व्हायला वर्ष लागेल. मग तिने चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला डोळा लावला, अगदी पापण्या घासतील इतका जवळ, आणि कुणाला ऐकू जाऊ नये असं पुटपुटली:

“आहेस का गं आत?”

हे खोटं असेल, तर चौथा टवका उडो.